आधी बांधलेले भारे

बांबूच्या वखारीत भारा बांधायची तात्यांची एक रीत होती. गिऱ्हाईक आले की त्याच्या देखत काठ्या मोजायच्या, त्याच्या देखत आवळायच्या आणि त्याच्या देखत काट्यावर चढवायच्या. गिऱ्हाइकाला कितीही घाई असो, मागे गाड्यांची रांग लागलेली असो, रीत मोडायची नाही. "बांधलेल्या भाऱ्याच्या पोटात काय आहे ते बांधणाऱ्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक," असे तात्या म्हणत. "मला तिसराही माणूस लागतो."

त्यांच्या लेकीला ही रीत मान्य नव्हती. ती गेटवरच्या खोलीत बसे, फोन घेई, माल सोडी. ताटकळून वैतागलेल्या माणसाचे तोंड रोज तिलाच बघावे लागे. तिचे म्हणणे असे की आदल्या दिवशी दुपारनंतर माणसे रिकामीच बसतात, तेव्हा भारे बांधून छपरीत रचून ठेवावेत. सकाळी गिऱ्हाईक आले, काटा केला, गाडीत घातले, निघाले. तात्या म्हणायचे, "वखार आहे, पानाची टपरी नाही." ती म्हणायची, "टपरीवाल्याकडे निदान गर्दी असते."

जावई या भांडणात नव्हता. तो वेब पेजेस बनवायचा. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात खिडकी आणि गॅसची शेगडी यांच्या मधे त्याचे टेबल होते. दिवसभर तो तिथे असे आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचे कामही त्याच्याकडेच असे. तात्यांना कोणी विचारले, "जावई काय करतात?" तर ते सांगत, "बसतात." त्यात राग नव्हता. त्यांना जे दिसले होते तेवढे ते सांगत.

पण त्या हंगामात जावई भांडणात ओढला गेला. तात्यांचे गुडघे गेले होते. एक दलाल कधीपासून मागे लागला होता, की सगळी वखार मला भाड्याने द्या, तुम्ही खुर्चीत बसून पैसे मोजा. तात्यांनी त्याला नाही म्हटले नव्हते आणि होही म्हटले नव्हते. लेकीला मात्र त्यांनी समोर बसवून सांगितले, "हा हंगाम तुझा. गिऱ्हाईक टिकलं, वाढलं, तर वखार तू चालव. नाहीतर हंगाम सरला की मी किल्ल्या दलालाकडे देतो. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले हो तात्या?"

"म्हणून तर आधी सांगतोय."

तिला वखार हवी होती. कशी हवी होती ते तिने नवऱ्यालाही कधी नीट सांगितले नव्हते. तो तिच्याबरोबर राहत होता म्हणून त्याला कळले होते. ती झोपेतही "ओली की वाळलेली?" असे विचारायची.

म्हणून त्याने वखारीसाठी एक पेज बनवून दिले. बांबू, वेत, बल्ल्या यांचे त्या त्या दिवसाचे दर, कोणता माल शिल्लक आहे, आणि खाली मागणी नोंदवायची जागा. शिवाय वखारीचे नियम. ते तिने स्वतः टाइप करून दिले होते, तात्या सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत. तात्यांनी ते तिच्या स्क्रीनवर वाचले. जमले आहे असे म्हणाले नाहीत, पण दुरुस्तीही सांगितली नाही.

पेजमध्ये एकच खोट होती. ते उघडायला फार वेळ लागे. नवीन फोनवर जाणवत नसे. पण वखारीची गिऱ्हाइके म्हणजे बांधकामावर परांच्या बांधणारे, रोपवाटिकेवाले, शेड घालणारे. त्यांचे फोन त्यांच्यासारखेच, पडून पडून टणक झालेले. एक जुना परांचीवाला होता, जिभेचा तिखट. त्याने गेटवर फोन करून सांगितले, "ताई, तुमचं पान उघडायला टाकलं की मी दुसरं काम हाती घेतो. परवा पान उघडलं तेव्हा माझी परांची बांधून झाली होती. बांबू मी दुसरीकडून आणले."

शेवटचे वाक्य तिने घरी आल्यावर नवऱ्याला परत ऐकवले. चढ्या आवाजात नाही, पण दोनदा.

त्याने तिला कारण समजावले. पेज म्हणजे एक साचा असतो. "आजचा दर अमुक" असे लिहायचे आणि अमुकच्या जागी एक भोक ठेवायचे. त्या भोकात रोजचा आकडा पडतो. आता होते असे, की आपण गिऱ्हाइकाच्या फोनला साचाही पाठवतो आणि साचा कसा वाचायचा हे सांगणारा भलामोठा प्रोग्रामही पाठवतो. बिचारा फोन आधी तो प्रोग्राम वाचतो, मग साचा सोडवतो, मग आकडे भरतो, आणि मग कुठे पान दाखवतो.

"म्हणजे गिऱ्हाईक आल्यावर काठ्या मोजायला घ्यायच्या," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले. "हो. तसंच."

"आणि उपाय?"

"माझ्याकडे जे बिल्ड टूल आहे, पेज तयार करून देणारं, त्याला एक प्लगिन जोडायचं. ते सगळे साचे इथेच, माझ्या कॉम्प्युटरवर, आधी सोडवून ठेवतं. फोनला तयार माल जातो. त्याने फक्त आकडे भरायचे."

"आधी बांधून ठेवायचे."

"हो."

ती हसली नाही, पण भाकरी उलटवताना तिने उलथन्याने तव्यावर एक ठोका दिला. पेजवाल्यांनाही तिचीच रीत सुचली होती, याचा तो ठोका होता. दुसऱ्या दिवशी तिने ते तात्यांना सांगितले. एवढेच नाही, तात्यांकडून छपरीत भारे बांधून ठेवायची परवानगीही काढली, हंगामापुरती. तात्यांनी जावयाला मात्र एक प्रश्न विचारला. तो रविवारी तिला न्यायला आला होता तेव्हा.

"जावईबापू, आधी बांधलेल्याच्या पोटात काय गेलं, ते बघतं कोण?"

"यंत्र बघतं तात्या. साच्यात चूक असली तर ते बांधायलाच नकार देतं. उलट आता चुका घरातच कळतात, गिऱ्हाइकासमोर नाही."

"यंत्राला वखार कळते?"

"साचा कळतो."

तात्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की कीव केल्याची, ते जावयाला कळले नाही.

जावई खोटे बोलला नव्हता. प्लगिन जोडल्यावर पहिल्याच झटक्यात त्याने एक चूक पकडली. दराच्या साच्यात एक कंस उघडून बंद करायचा राहिला होता. आजवर ती चूक गिऱ्हाइकाच्या फोनवर जाऊन गुपचूप बसत होती आणि तिथे दराऐवजी कोरी जागा दिसत होती. आता यंत्र थांबले, लाल अक्षरांत ओरडले. त्याने कंस बंद केला.

मग दुसरी अडचण आली. वेताचा माल शिल्लक असून पेजवर "संपला" दिसत होता. शोधता शोधता कळले, की कोणीतरी दुसरीकडून उचलून आणलेल्या "वेत" या शब्दाच्या पाठीला एक न दिसणारे अक्षर चिकटले होते. अशी अक्षरे असतात. त्यांना रुंदी नसते, ती छापली जात नाहीत, पण यंत्राला दिसतात. यंत्राच्या मते "वेत" आणि ते शेपूटवाले "वेत" हे दोन वेगळे शब्द होते. त्याने कपाळावर हात मारला आणि प्लगिनला एक ओळ शिकवली: साचा सोडवण्याआधी त्यातली अशी न दिसणारी अक्षरे झाडून सगळी काढून टाक. दिसत नाहीत म्हणजे कचराच. वेत परत आला. यंत्राने सांगितले, चूक एकही नाही.

पेज चढवल्यावर त्याने आपला सगळ्यात जुना, काच फुटलेला फोन काढून त्यावर ते उघडले. बोट उचलायच्या आत उघडले. दर बरोबर, शिल्लक माल बरोबर, मागणीची जागा बरोबर. नियम खाली होते. ते कोण वाचतो?

पुढचे दिवस चांगले गेले. मागण्या येऊ लागल्या. छपरीतले भारे सकाळी गिऱ्हाईक येईल तसे निघू लागले. गेटवर ताटकळणारा माणूस दिसेना. परांचीवाला परत आला. एवढेच नाही, कामावरच्या दुसऱ्या दोघांना घेऊन आला. ती घरी आल्यावर पाय पसरून बसायची आणि आज कोण कोण आले ते सांगायची. दलालाचे नाव घरात निघाले नाही.

मग एका सकाळी तात्यांचा फोन आला. तात्या जावयाला थेट फोन करत नसत.

"जावईबापू, वखारीत या."

"काय झालं तात्या?"

"या. वजन करायचं आहे."

तो गेला. गेटवर पाचपन्नास माणसे नव्हती, पण नेहमीपेक्षा जास्त होती, आणि ती माल घ्यायला आल्यासारखी उभी नव्हती. परांचीवाला होता. त्याच्याबरोबर त्याची बायको होती, चांगली अंगापिंडाने भरलेली, पदर तोंडाला लावून हसत होती. परांचीवाला हातातला फोन वर धरून मोठ्याने वाचत होता.

"सर्व भार्यांचे वजन गिऱ्हाइकासमोर करून दिले जाईल. वजन कमी भरल्यास बदलून मिळेल. एकदा गेटबाहेर नेल्यावर तक्रार चालणार नाही." त्याने फोन खाली घेतला. "ताई, मी माझी भार्या घेऊन आलोय. लग्नात सासऱ्यांनी काही काटा करून दिला नव्हता. आता तुम्ही करून द्या. बदलून मिळतं म्हणता, तर तेही बघू."

हशा पिकला. जावयाने घाईघाईने स्वतःच्या फोनवर पेज उघडले, खाली गेला आणि वाचले. खरेच तसे होते. भाऱ्यांचे वजन नव्हते. भार्यांचे होते.

त्याच्या बायकोने गेटवरच्या खोलीची खिडकी पूर्ण उघडली. तिचा चेहरा लाल झाला होता. पण आवाज नेहमीचाच होता.

"या ना वहिनी. काटा तुमचाच आहे. भार्येचं वजन फुकट. नवऱ्याचं मात्र भाडं पडेल, कारण नुसतं हाड आणि जीभच काट्यावर चढवायची तर काटेवाल्याला खाली वाकून आकडा बघावा लागतो."

"आणि बदलून?" एकाने मागून विचारले.

"बदलून मिळतं फक्त जिथून घेतलं तिथूनच. वहिनींनी यांना कुठून उचललं, ते त्यांना विचारा. आमच्या वखारीतला हा माल नाही. आम्ही किडका ठेवत नाही."

परांचीवाल्याची बायको आता पदर सोडून हसत होती. तिने नवऱ्याच्या पाठीत एक धपका घातला आणि म्हणाली, "घ्या, झालं वजन? आता बांबू घ्या आणि चला." त्याने बांबू घेतले. जे नुसती गंमत बघायला आले होते, त्यातल्याही दोघांनी काही ना काही घेतले, कारण रिकाम्या हाताने उभे राहायला आता अवघड वाटू लागले होते.

तात्या काट्याच्या खोपटात बसून होते. ते बाहेर आले नाहीत.

गर्दी ओसरल्यावर जावई गेटवरच्या खोलीत बायकोच्या कॉम्प्युटरसमोर बसला. तिने टाइप केलेला मूळ मजकूर काढला. तिथे "भाऱ्यांचे" व्यवस्थित होते. मग साचा सोडवल्यानंतरचा माल काढला. तिथे "भार्यांचे". नीट बघितले तर "गिऱ्हाईक" चे "गिर्हाईक" झाले होते, "दुसऱ्या" चे "दुसर्या", "खऱ्या" चे "खर्या". परांचीवाल्याने वाचताना ते आपोआप सुधारून घेतले होते, सगळेच घेतात. बाकीचे शब्द नुसते वाकडे झाले होते. हा एकच शब्द वाकडा न होता दुसराच झाला होता, आणि तोही चांगला शुद्ध, कोशातला.

त्याला कारण लगेच कळले. मग बायकोला म्हणाला, "तुझा कीबोर्ड जुना आहे. त्यात भाऱ्यातला तो य ला टेकलेला अर्धा र काढायचा तर र च्या मागे एक न दिसणारं अक्षर बसतं. तेच सांगतं की र ला रफार करून डोक्यावर चढवू नका, खालीच राहू द्या."

"आणि?"

"आणि मी न दिसणारी सगळी अक्षरं झाडून काढली."

"म्हणून र डोक्यावर चढला."

"हो."

"आणि यंत्र काय म्हणालं?"

"चूक एकही नाही म्हणालं. भार्या शब्दात काय चूक आहे?"

तात्या दारात उभे होते. केव्हापासून, ते कळले नाही. काठी त्यांनी चौकटीला टेकवली.

"मग बघितलं कोणी?" त्यांनी विचारले. "बांधून झाल्यावर. बाहेर जायच्या आधी."

"मी बघितलं तात्या. आकडे बघितले, किती लवकर उघडतं ते बघितलं."

"वाचलं?"

"नाही."

"तू?"

"मी बांधायच्या आधी वाचलं होतं," लेक म्हणाली. "तुमच्यासमोरच."

"आधी मीही वाचलं होतं." तात्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर जावयाला बरे वाटले असते. "उद्या सकाळी दलाल येतोय. मी त्याला येऊ नको म्हणणार होतो. आता म्हणत नाही. त्याला येऊ दे." ते वळले आणि काठी टेकत काट्याकडे गेले.

जावयाने तिथूनच घरचा कॉम्प्युटर जोडून घेतला, प्लगिनमधली ती ओळ काढली आणि तिच्या जागी दुसरी लिहिली. शब्दाच्या कडेला चिकटलेला कचरा तेवढा काढायचा, शब्दाच्या आतल्या अक्षराला हात लावायचा नाही. मग नवा माल तयार केला आणि चढवण्याआधी पेज तिच्यासमोर ठेवले. तिने ते मोठ्याने वाचले, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, दरही, फोन नंबरही. शाळेतली मुलगी वाचते तसे, बोट ठेवून. वाचताना "शिल्लख" असे एक सापडले. ते तिचेच होते, पहिल्या दिवसापासूनचे. तेही काढले. मग पेज चढवले.

त्याला वाटले आता ती घरी चल म्हणेल. ती खुर्चीतून उठली, पण पिशवी न घेता छपरीकडे निघाली.

"कुठे?"

"माझे भारे बघते."

"त्यांना काय झालंय?"

"तेच बघते."

छपरीत आदल्या दिवशी बांधलेले बांबूचे भारे रचलेले होते. वरून एकसारखे, टोके जुळवलेली, दोर घट्ट. दिसायला सुंदर होते. तिने मुकादमाला बोलावले आणि मधल्या थरातला एक भारा काढून सोडायला सांगितला. मुकादम म्हणाला, "ताई, कशाला? मीच बांधलाय." ती म्हणाली, "म्हणूनच तुम्ही सोडा." त्याने दोर सोडला. काठ्या पसरल्या. कडेच्या चांगल्या, वाळलेल्या, पिवळ्याधमक होत्या. पोटातल्या हिरव्या होत्या, ओल्या. तिने नखाने खरवडले तर पाणी सुटले.

तिने दुसरा सोडायला लावला. तो बरोबर निघाला. तिसऱ्यात पुन्हा पोटात ओल्या.

मुकादमाने डोक्याचे फडके काढून हातात धरले. तो चोर नव्हता, हे त्या दोघांनाही माहीत होते. "फसवायला नाही घातल्या ताई. ओल्या बाजूला काढून ठेवल्या की जागा अडते, तुम्ही छपरी मोकळी ठेवा म्हणता. मग मधे घातल्या. भारा गच्च बसतो, वरून चांगला दिसतो. आत दिसत नाहीत ना."

जावयाला हे वाक्य ओळखीचे वाटले. मुकादमाकडे बघायचे त्याने टाळले.

ओल्या काठ्या आज वजनाला भरतात. गिऱ्हाइकाकडे जाऊन वाळल्या की आकसतात, भारा सैल पडतो, आणि ज्याने काट्यावर आकडा बघून पैसे दिले त्याच्याकडे त्याहून कमी माल उरतो. गिऱ्हाइकासमोर मोजत होते तोवर ओली काठी कोणी भाऱ्यात घातली नव्हती. घालणार कसा? समोर माणूस उभा असायचा.

"किती गेले असतील?" त्याने विचारले.

"गेले तेवढे गेले. कोणाकडे गेले ते मला माहीत आहे." ती एका भाऱ्यावर बसली. "तात्यांना सांगते."

तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. "ऐक. हे आपण आजपासून दुरुस्त करू. मी काही तुला खोटं बोल म्हणत नाही. पण उद्या दलाल येऊन जाऊ दे. त्याच्यानंतर सांग. तात्या आधीच पेजवरून बिघडलेत. आता हे सांगितलंस तर किल्ल्या गेल्याच समज."

"आणि नंतर सांगितलं तर?"

"तोवर राग उतरेल."

"राग नाही रे तो. त्यांना राग आला की ते जेवायचं सोडतात. आज दोन वाट्या आमटी प्यायले." तिने हातातली ओली काठी दूर ठेवली. "ते विचारत होते पोटात काय आहे. मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय आणि मी सांगायचं नाही, तर मग मी दलालापेक्षा काय वेगळी?"

तो तिच्याबरोबर उठला. त्याच्याजवळ उत्तर होते. पण ते त्यालाच पटले नसते.

तात्या काट्याच्या खोपटात काट्याची पाटी पुसत होते. तिने तीनही भाऱ्यांचे सांगितले, कोणाला दोष न देता. ओल्या काठ्या कशा पोटात गेल्या, का गेल्या, आणि आजवर आधी बांधलेले जे भारे बाहेर गेले त्यातही त्या असणार. त्यातला एक भारा परांचीवाला आज सकाळीच घेऊन गेला होता. जावई मागे उभा होता. तात्यांनी पाटी पुसायची थांबवली नाही.

"तुला उघड म्हणून कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही सांगितलं असतंत तर मी वाद घातला असता."

तात्यांच्या मिशीत काहीतरी हलले. "घातलाच असतास. मग आता? उद्यापासून पुन्हा समोर मोजायचं?"

"नाही." तिने ते इतक्या पटकन म्हटले, की जावयाने डोळे मिटले. "बांधायचे आधीच. पण बांधलेल्यातला कुठला तरी एक, माझ्या मनाला येईल तो, मी सोडून बघणार. कुठला ते मुकादमालाही आधी सांगणार नाही. त्यात ओली काठी निघाली तर त्या दिवशीचे सगळे सोडायचे. आणि ओल्या काठ्यांना मागच्या भिंतीकडे वेगळी जागा. छपरी मोकळी ठेवायचा हट्ट माझा होता, तो मी सोडला."

"सोडून बघण्यात वेळ जाईल."

"जाईल. पण गिऱ्हाइकाचा नाही, आपला."

"आणि गेलेल्यांचं?"

"सगळ्यांना फोन करणार. आणा म्हणून सांगणार, काटा पुन्हा करून देणार, कमी भरलं ते भरून देणार. गेटबाहेर गेलेल्या मालाची तक्रार चालत नाही, हा नियम यांना लागू नाही."

तात्यांनी कापड पिळले आणि खिळ्याला टांगले. जावयाकडे वळून म्हणाले, "तुमच्या यंत्राचं काय?"

"ते बांधून झाल्यावर आता एक माणूस मोठ्याने वाचणार, तात्या. ज्याने लिहिलं नाही तो. मगच बाहेर."

"कोण वाचणार?"

जावयाने बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, "मी लिहिते, मी चालणार नाही. हे बांधतात, हे चालणार नाहीत."

"मग?"

"तुम्ही."

बाहेर मुकादम ओल्या काठ्या मागच्या भिंतीकडे नेत होता, त्यांचा जमिनीवर घासल्याचा आवाज येत होता.

"मला त्या फोनवर बारीक दिसतं," तात्या म्हणाले.

"मोठं करून देतो," जावई म्हणाला.

"द्या."

मग त्यांनी बाकावर पाय वर घेऊन गुडघे चोळले आणि लेकीला सांगितले, "दलाल सकाळी येईल. सगळ्यांच्या आधी येतो तो. मी उद्या उशिरा येईन, डॉक्टरकडे जायचंय. त्याला गेटवरच काय सांगायचं ते सांग. चहा पाज, पण आत बसवू नकोस. आत बसला की उठत नाही."

"काय सांगू?"

"वखार कोणाची आहे ते सांग. मला काय विचारतेस?"

ती "बरं" म्हणाली. खोलीत जाऊन तिने फोन उचलला आणि पहिला नंबर परांचीवाल्याचा लावला. जावई दाराशी उभा राहून ऐकत होता. पलीकडून पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला, काहीतरी भार्येवरून. तिने ते हसून होऊ दिले, थांबली, आणि मग म्हणाली, "झालं हसून? आता ऐका. सकाळी नेलेला भारा सोडा, आणि मधल्या काठ्या नखाने खरवडून मला सांगा."